कान मोडल्याचे पेढे

“आरं बघा रं, बघा! सिद्याचा कान मोडला!”

हिंदुराव वस्तादांनी अशी आरोळी ठोकली आणि हौद्यातल्या मातीत लढणाऱ्या सगळ्या जोड्या जिथल्या तिथं थांबल्या. दुपारचे चार वाजले असतील. वस्तादांनी सिदूची मान धरून त्याचं डोकं खिडकीच्या उजेडाकडं वळवलं होतं. उजवा कान डोक्यापासून सुटल्यासारखा बाहेर आला होता, खाली झुकला होता आणि त्याच्या मागची बाजू टरटरून सुजली होती. सिदू हसायचा प्रयत्न करत होता.

ज्यांच्या अंगाला तालमीची माती कधी लागली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुस्तीत मनगटाचे तडाखे आणि मातीतली घासाघाशी खाऊन खाऊन कानाच्या पाकळीत रक्त साकळतं. ती सुजते, मग घट्ट होते आणि कायमची वेडीवाकडी होऊन बसते. त्याला म्हणायचं कान मोडला. तुम्हाला वाटेल व्यंग आलं. अहो, कसलं व्यंग! तसला कान बघून यष्टीत अनोळखी माणूस उठून जागा देतो. ‘पैलवान, बसा’ म्हणतो. लग्नात कुणाला पहिला फेटा बांधायचा हे कान बघून ठरतं. कान मोडल्याशिवाय तुम्ही तालमीतले नुसते हमाल.

आमच्या तालमीची आणखी एक रीत होती. ज्याचा कान मोडेल त्याच्या नावानं मारुतीपुढं नारळ फुटायचा, वस्ताद स्वतःच्या खिशातून पेढे वाटायचे, आणि मग थोरापासून लहानापर्यंत प्रत्येकानं तो नवा कान एकदा पिळायचा. कानपिळणी म्हणायचो आम्ही. ज्याचा कान त्यानं तोंडातून ‘आई गं’ काढायचं नाही. काढलं तर वर्षभर पोरं चिडवून चिडवून त्याचा जीव नकोसा करायची.

आम्ही एकवीस जण होतो. सगळ्यांत थोरला इलाहीभाई, पस्तिशीचा गडी, कुस्ती सुटलेली, तालमीचा खुराक सांभाळायचा. त्यानं हळूच पिळला. मग एकेक जण येत गेला. कुणी चिमटा काढावा तसा, कुणी पाण्याची तोटी फिरवावी तसा. सिदूनं दोन्ही मुठी आवळल्या होत्या. अठराव्या पोरानं पिळला तेव्हा त्याचे पाय लटपटले. पोरं खिदळली.

सगळ्यात शेवटचा मान जोडीदाराचा, म्हणजे माझा. मी निवृत्ती चौगुले. तेव्हा बावीस वर्षांचा, सिदूपेक्षा चार वर्षांनी मोठा. रोज सकाळ-संध्याकाळ तो माझ्याच अंगावर आणि मी त्याच्याच अंगावर. तो मला निवादा म्हणायचा.

“पीळ निवादा,” तो म्हणाला. “एकदाचं हून जाऊ दे.”

मी कान धरला, अंगठा मागं टेकवला आणि पिळला. अंगठा आत रुतला. सिदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. हात काढला तर बोटांना काहीतरी चिकट लागलं होतं. मी ते मांडीला पुसलं आणि पेढा तोंडात टाकला.

*

सिदू म्हणजे सिद्राया बिराजदार. जतकडचा, तिकडं कानडी मुलूख लागतो तिथला. बाप लहानपणीच गेलेला. आई लगमव्वा दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची आणि चार महिन्यांतून एकदा यष्टीनं तुपाचा डबा घेऊन यायची. डबा पोराच्या हातात द्यायची, बाहेरच्या कट्ट्यावर बसायची. बायकांना तालमीत येऊ देत नव्हते. सिदू तिच्यासमोर दंड फुगवून दाखवायचा आणि ती कडाकडा बोटं मोडायची.

पोरगं भलतं तयार होतं. मला सहा वर्षं लागली ते डाव त्यानं दोन वर्षांत उचलले. चैत्रात आमच्या भागातलं मोठं मैदान भरायचं. तिथं कोल्हापूरच्या एका नामी तालमीचे वस्ताद पोरं हेरायला येणार होते. आमच्या तालमीतून एकच गडी जाणार होता, एकतर मी, नाहीतर सिदू. हिंदुराव वस्तादांनी सांगून टाकलं होतं, शुक्रवारी दोघांची कुस्ती लावतो, जो चितपट करील तो मैदानाला जाईल. पेढे वाटले तो सोमवार होता.

माझं वय निघून चाललं होतं. अजून एक वर्ष गेलं की मला कुणी हेरणार नव्हतं. आणि सहा वर्षं माती खाऊन माझे दोन्ही कान जसे आईनं दिले तसेच होते.

सिदूच्या कानाचं दुखणं काही नवं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा डाव चुकला म्हणून वस्तादांनी त्याच्या कानाखाली अशी काढली होती की आतून रक्ताचा थेंब आला होता. तेव्हापासून तो कान अधूनमधून वाहायचा. इलाहीभाई लसूण टाकून तेल कोमट करायचा आणि सोडायचा. चार दिवस थांबायचं, परत वाहायला लागायचं. तालमीत कुणाचं काय वाहत नाही! दवाखान्याचं नाव काढलं की वस्ताद म्हणायचे, “बाळंतिणीला न्ह्या दवाखान्यात.”

मंगळवारी सिदूनं बैठका मारल्या त्या निम्म्यावर सोडल्या. अंग चटका बसण्याएवढं तापलं होतं. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा तो कुशीवर वळून मला म्हणाला, “निवादा, कान मोडताना येवढं दुखतं व्हय रं? डोस्क्यात कुणी तरी घण घालतंय.”

“मला काय माहीत? माझे कुठं मोडलेत?” मी म्हणालो.

“तू आपला सांग की. दुखत असंल न्हवं?”

“दुखतंच असणार. फुकट पेढे मिळत्यात व्हय?”

तो हसला आणि लगेच हसणं थांबवून कान धरून बसला. त्याच्या उशीच्या खोळीवर हिरवट पिवळा डाग होता आणि त्याचा वास माझ्या अंथरुणापर्यंत येत होता.

इलाहीभाईला मात्र चैन पडेना. संध्याकाळी त्यानं सिदूला कंदिलाजवळ बसवून कान नीट बघितला, स्वतःचा कान चाचपला, आणि वस्तादांकडं गेला. “वस्ताद, माझा मोडला तवा पाकळी सुजली हुती. ह्याची पाकळी कवळीच हाय. सूज मागं हाडावर हाय. मला ह्ये येगळं वाटतंय.”

वस्तादांनी उलट्या हाताची अशी लगावली की इलाहीभाईच्या ओठातून रक्त आलं. पस्तीस वर्षांचा माणूस, सगळ्या पोरांदेखत! “तुझा कान आणि त्येचा कान येकच हाय व्हय रं? चाळीस वर्षं माती उकरतोय मी. पेढं वाटलं ती काय येडा म्हणून? भाकऱ्या थाप जा.”

इलाहीभाई माझ्याकडं बघून थांबला. मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी लंगोट वाळत घालत होतो, तो घालत राहिलो.

*

शुक्रवारी सकाळी वस्ताद काठी घेऊन हौद्याच्या कडेला बसले. पोरं भिंतीला लागून उभी. सिदू मातीत उतरला तेव्हा त्याचं डोकं डावीकडं कललेलं होतं आणि चालताना भोवळ आल्यासारखा पाय तिरका पडत होता.

“येतोस न्हवं लढायला, का बसतोस?” वस्तादांनी विचारलं.

“लढतो,” सिदू म्हणाला. तो नाही म्हणणार नव्हता. आई मैदान बघायला येणार होती. तिनं गावच्या यष्टी कंडक्टरला सुद्धा सांगून ठेवलं होतं म्हणे.

आम्ही सलामी दिली, शड्डू ठोकले, मातीची चिमूट एकमेकांच्या छातीला लावली. आणि मला सांगायला लाज वाटते, पण तापानं फणफणलेल्या त्या पोरानं पहिल्या झटक्यात माझा पट काढला! मी दाणकन खाली आलो. पाठ लागता लागता राहिली. पोरं ओरडली, “सिद्या! सिद्या!” मी पोटावर वळलो, उठलो, आणि त्याच्या मानेवर हात टाकला.

मग मी मनगट वापरलं. डाव्या हाताचं हाड त्याच्या उजव्या कानाच्या मागं पहिल्यांदा बसलं तेव्हा पिकलं फळ फुटावं तसा आवाज झाला. तो मला बिलगला. “निवादा, तिथं नगं,” एवढंच त्यानं हळू आवाजात म्हटलं. मी परत मारलं. तिथंच. तिसऱ्यांदा मारलं. कुस्तीत तडाखे चालतात, नियमाबाहेर काहीच नव्हतं. चौथ्या तडाख्याला त्यानं माझ्या खांद्यावर ओकारी केली. त्याचे डोळे एका बाजूला झटके देत फिरायला लागले. मी त्याला खाली घेतलं, मानेवर गुडघा ठेवला, कान मातीत दाबून रगडला. कानातून काय आलं ते माझ्या गुडघ्यावर गरम लागलं. मग मी त्याला उलटा केला आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले.

“चितपट!” वस्ताद म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. सिदू तसाच पडून राहिला. वस्ताद उठले, त्याच्या बरगडीत पायाचा अंगठा खुपसला. “ऊठ! कान मोडला म्हंजे पैलवान झालास व्हय? ऊठ, भाड्या!”

तो उठला, चार पावलं चालला आणि भिंतीवर जाऊन आदळला. तोंड फिरवून आमच्याकडं बघितलं तेव्हा एक पोरगं किंचाळलं. सिदूचं तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. उजवा गाल लोंबत होता आणि उजवा डोळा मिटत नव्हता.

*

शनिवारी दुपारपर्यंत तो बरळायला लागला. कानडीत काहीतरी बोलायचा, आईला हाक मारायचा. मान ताठ झाली होती. हनुवटी छातीकडं नेली की ढोरासारखा ओरडायचा. आता वस्ताद पण घाबरले होते, पण घाबरलेला वस्ताद फार वाईट. त्यांनी पोती शिवायचा दाभण मागवला आणि चुलीत घातला.

“रगात तुंबलंय. काढल्याशिवाय ताप उतरायचा न्हाई. धरा रं त्याला. दोघं पायावर, दोघं हातावर. निवा, तू डोस्कं धर.”

चौघांनी सिदूला हौद्याच्या कडेला आडवं दाबलं. तो धडपडत होता. त्याच्या एका लाथेनं एका पोराचा दात पडला. दाभण लाल झाला होता. वस्तादांनी तो फडक्यात धरून आणला आणि माझ्याकडं बघितलं.

“धर की डोस्कं.”

मी जागचा हललो नाही. “वस्ताद, दाभण लावू नका. ते रक्त नव्हं. आत हाडात पू झालाय. मिरजेला न्यायला पाहिजे. आत्ता.”

“तुला रं काय ठावं?”

त्याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण मी दिलं नाही. मी वस्तादांचं मनगट धरलं. वस्तादांनी डाव्या हातातली काठी माझ्या तोंडावर ओढली, भुवई फाटली, डोळ्यांत रक्त उतरलं. दुसरी बसली मानेवर. मी मनगट सोडलं नाही. मुरगळलं. दाभण खाली पडला तो माझ्या पायावर, चर्र झालं, अजून डाग आहे. मग ते माझ्या गळ्यावर आले, आणि मी काय केलं ते माझं मला कळलं नाही. त्यांनीच शिकवलेला डाव. कंबरेत शिरलो, पाठीवर घेतलं आणि हौद्यात आपटलं.

वस्तादांची पाठ मातीला लागली. छप्पन्न वर्षांचा माणूस, माझा गुरू, आकाशाकडं तोंड करून पडला होता आणि त्यांच्या मिशीत माती गेली होती. आई-बापाला मारावं, पण वस्तादाची पाठ लावू नये, असं आमच्यात म्हणतात.

“धरा त्याला!” कुणीतरी ओरडलं. तिघं माझ्यावर धावली. पहिल्याचं नाक मी कपाळानं फोडलं. दुसऱ्यानं मागून मिठी मारली, त्याला घेऊनच मी भिंतीवर आपटलो. तिसऱ्यापुढं इलाहीभाई येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लाकडी मुदगल होता. “पुढं आलास तर नडगी फोडीन,” तो शांतपणे म्हणाला. आणि मला म्हणाला, “उचल. दुधाचा टेंपो डेअरीवर उभा हाय. पळ.”

मी सिदूला पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि पळालो. लंगोटावरच. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. टेंपोवाला नाही नाही म्हणत होता, माझा रक्तानं भरलेला चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं किल्ली फिरवली. सिदू दुधाच्या कॅनांच्या मधे माझ्या मांडीवर होता. दर खड्ड्याला ओरडत होता. जयसिंगपूर ओलांडल्यावर ओरडायचा थांबला. तेव्हा मी त्याला थोबाडीत मारत राहिलो, डाव्या बाजूला, “ओरड की रं, ओरड!” म्हणत.

*

मिरजेत कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या, शिराळकर नावाच्या. बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी कानामागं एक बोट ठेवलं आणि लगेच नर्सला हाक मारली. “टेबल तयार करा. आत्ताच्या आत्ता.” मग माझ्याकडं वळल्या. “हे मारल्याचे वळ आहेत. कुणी मारलं ह्याला?”

“कुस्तीत लागलंय,” मी म्हणालो.

दोन तास लागले. बाहेर बाकावर मी बसलो होतो. कुणीतरी मला एक चादर दिली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या झग्यावर रक्त होतं.

“कानामागचं हाड भरीव नसतं,” त्या समोर बसून सांगायला लागल्या. “आत बारीक बारीक पोकळ्या असतात, हवा भरलेल्या. पावाच्या आतल्या जाळीसारख्या. मधल्या कानातला पू तिथं शिरला आणि महिनाभर हाड खात बसला. त्याच्या जोरानंच कान पुढं ढकलला गेला. मी हाड तासून काढलंय. खाली मेंदूचं वेष्टण उघडं पडलं होतं, सूज तिथवर पोचली होती. त्यात कुणीतरी त्याच्यावर जोरात आघात केलेत. आणखी एक दिवस गेला असता तर मी हात लावला नसता.”

“वाचंल न्हवं?”

“वाचेल असं वाटतंय. तोंड हळूहळू सरळ होईल. पण त्या कानानं ऐकू येणार नाही आणि तोल कायमचा जाणार. कुस्ती संपली. पण तुम्हाला कसं कळलं? सगळे म्हणत होते कान मोडला, तुम्ही एकटे म्हणालात हाडात पू आहे. वाटेत तुम्ही बोललात ते टेंपोवाला सांगत होता.”

मी चादर अंगाभोवती ओढून घेतली. त्यांना वाटलं दमलाय. खांद्यावर थोपटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव वस्ताद आले. मला वाटलं जीव घेतील. ते पलंगापाशी खाली जमिनीवर बसले. सिदूच्या डोक्याला भोपळ्याएवढं बँडेज होतं. वस्तादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पोरासारखे रडायला लागले. “पेढं वाटलं की रं मी,” म्हणाले. “सडक्या हाडाचं पेढं वाटलं.” त्यानंतर त्यांनी तालमीत पाय ठेवला नाही.

आणि सोमवारी लगमव्वा आली. तिला इलाहीभाईनं सगळं सांगितलं होतं. निवानं वस्तादाला आपटलं, तिघांना फोडलं, लंगोटावर उचलून नेलं. ती आधी पोराकडं गेली नाही. सरळ माझ्याकडं आली, वाकली आणि तिनं माझ्या भाजलेल्या पायावर डोकं ठेवलं. मी मागं सरकलो तर तिनं पाय घट्ट धरले. “माझं लेकरू दिलंस बाबा. देवमाणूस हाईस तू.”

तेव्हा मला मरून जावंसं वाटलं.

कारण मला सोमवारपासून माहीत होतं. पेढे वाटले त्या सोमवारपासून. माझी धाकटी बहीण हौसा, नऊ वर्षांची असताना तिचा कान असाच वाहायचा. असाच एक दिवस पुढं आला, मागं असंच फुगलं, असाच वास यायचा. मीच तिला पाठीवर घेऊन सांगलीला गेलो होतो आणि तिथल्या डॉक्टरनं हाडातला पू काढला होता. अंगठा रुतला तेव्हाच मी ओळखलं. तोंड उघडलं असतं तर सिदू मंगळवारीच दवाखान्यात गेला असता, त्याचा कान राहिला असता, पुढच्या वर्षी तो मैदान लढला असता. पण मला त्याचा हेवा वाटत होता. जळत होतो मी त्याच्यावर. म्हटलं, शुक्रवार होऊ दे, मग सांगू. आणि शुक्रवारी कुठं मारायचं हे मला सगळ्या तालमीत एकट्याला माहीत होतं.

मैदानाला मी गेलो नाही. त्यानंतर कधीच मातीत उतरलो नाही.

*

तीन महिन्यांनी मी त्याच्या गावी गेलो. सिदू दारात बसून चऱ्हाट वळत होता. तोंड बरंचसं सरळ झालं होतं. उठताना भिंत धरायचा. मला बघून हसला, अर्ध्याच तोंडानं. लगमव्वा आत भाकऱ्या करायला पळाली.

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो. मुद्दाम. आणि सगळं बोलून टाकलं. हौसाचं, अंगठ्याचं, शुक्रवारचं, एकूणएक. तो चऱ्हाट वळत होता. माझं झाल्यावर मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू!

सिदूनं चऱ्हाट खाली ठेवलं. सावकाश हात लांब केला, माझी मानगूट पकडली आणि मला फरफटत ओढून दुसऱ्या बाजूला आपटलं. तोल गेला असला तरी हातातली ताकद तीच होती.

“आता हिकडनं सांग.”

“सिदू...”

“त्या भैऱ्या बाजूला बसून लोकं बोलत्यात तवा काय बोलत्यात, त्ये कळाय लागलंय मला. सांग.”

माझी मान त्याच्या हातात होती. मी सांगितलं. मधे दोनदा थांबलो, दोन्ही वेळा त्यानं बोटं आवळली. संपल्यावर तो म्हणाला, “पुन्यांदा सांग.” मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं मूठ वळून माझ्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी हात वर केला नाही. दुसऱ्यांदा मारणार तेवढ्यात लगमव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली.

“काय करतूयास रं सिद्या!”

“काय न्हाई आई. डाव दाखवत हुतो. जरा लागला.”

ती धावत आली, पदरानं माझं नाक पुसलं, पोराला शिव्या घातल्या. “देवासारखा माणूस दारात आला आणि त्येला लागंपतूर खेळतंय. अक्कल हाय का!” ती पाणी आणायला आत गेली.

सिदू माझ्या कानाशी वाकला. “तिला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई. तुझ्या नावानं दिवा लावती ती. तिचा एक देव तरी राहू दे. दरसाल यायचं, जेवायचं, तिला पाया पडू द्यायचं आणि जायचं. ती हाय तवर.”

मी त्या दिवशी जेवलो. भाकरी रक्तानं खारट लागत होती. म्हातारी समोर बसून वाढत होती, घे रं बाबा, आणखी एक घे. सिदू भिंतीला टेकून बघत होता.

चौतीस वर्षं मी गेलो. एकही साल चुकलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला घेऊन गेलो, तिची ओटी भरली म्हातारीनं. पोरं झाली, त्यांना नेलं. दर वेळी ती वाकायची आणि मी पाय मागं घ्यायचो नाही. सिदू दर वेळी समोर असायचा. आम्ही पीकपाण्याचं बोलायचो, भावांसारखं. मला वाटायला लागलं होतं की तो विसरला. त्याच्या पोराच्या लग्नात त्यानं मला पहिला फेटा बांधला, तेव्हा तर खात्रीच झाली.

मागच्या बुधवारी सकाळी त्याचा फोन आला.

“आई गेली. काल सांजच्याला.”

“आरं देवा! सिदू, मी निघतो बघ. दुपारपर्यंत पोचतो, मातीला...”

“माती झाली.”

तिकडं त्याचा श्वास ऐकू येत होता. चौतीस वर्षांत त्यानं माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

“आता येऊ नगंस,” तो म्हणाला.

मी व्हय म्हणालो.